घरासाठी फायर एक्स्टिंग्विशर: कोणता घ्यावा, कुठे लावावा, कसा सांभाळावा

दोन किलोच्या एक्स्टिंग्विशरमधली पावडर साधारण आठ ते दहा सेकंदांत संपते. चार किलोचा घेतला तर आणखी चार-पाच सेकंद मिळतात. खरेदीला जाण्याआधी हा आकडा नीट लक्षात घ्या, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरूनच ठरतात. एवढ्या वेळात विझेल ती आग कचऱ्याच्या डब्याएवढी, फार तर खुर्चीएवढी असते. पडदा छतापर्यंत पेटला असेल किंवा खोलीत श्वास घेता येत नसेल, तर घरातला एक्स्टिंग्विशर ती आग विझवणार नाही. तिथे दार ओढून घ्यायचं, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि 101 किंवा 112 ला फोन करायचा.

ते आठ-दहा सेकंद हाती लागायचे तर यंत्र योग्य प्रकारचं हवं, उचलता येईल अशा वजनाचं हवं, धुरातही सापडेल अशा जागी हवं आणि आत खरोखर पावडर व दाब हवा. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून या लेखात देखभालीला खरेदीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

आगीचे वर्ग आणि पावडर

लेबलवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. ‘ए’ म्हणजे लाकूड, कापड, कागद, गादी. थोडक्यात, जळल्यावर निखारा उरतो त्या वस्तू. ‘बी’ म्हणजे पेट्रोल, रॉकेल, थिनर, सॅनिटायझर असे पेटणारे द्रव. ‘सी’ म्हणजे वायू: स्वयंपाकाचा गॅस, मग तो सिलिंडरमधला असो की पाइपमधला. ‘डी’ म्हणजे पेटणारे धातू. त्याचा घराशी संबंध येत नाही. कढईतल्या तापलेल्या तेलाचा वर्ग वेगळा, ‘एफ’. अमेरिकेत त्यालाच ‘के’ म्हणतात.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. अमेरिकेत ‘सी’ म्हणजे विजेची आग. भारतात आणि युरोपात ‘सी’ म्हणजे वायू, आणि विजेला स्वतंत्र अक्षरच नाही, कारण मेन स्विच पाडला की उरते ती प्लॅस्टिकची नि लाकडाची ‘ए’ वर्गाची आग. त्यामुळे अमेरिकेतला माहितीचा व्हिडिओ पाहून इथलं लेबल वाचू नका. चालू विजेवर चालेल की नाही, हे आपल्याकडच्या लेबलवर वेगळ्या ओळीत किंवा चित्राने दिलेलं असतं. ते शोधून वाचा.

सर्वसाधारण घराला एबीसी पावडरचा एक्स्टिंग्विशर योग्य. त्यातलं मुख्य द्रव्य मोनो अमोनियम फॉस्फेट, म्हणजे एमएपी. ज्वाळेत शिरल्यावर ते जळण्याची रासायनिक साखळी तोडतं, आणि लाकूड-कापडाच्या तापलेल्या पृष्ठभागावर वितळून चिकट थर धरतं, त्यामुळे हवा तुटते. बाजारात एमएपी 50 आणि एमएपी 90 असे प्रकार मिळतात; आकडा म्हणजे पावडरीतलं या द्रव्याचं टक्क्यांतलं प्रमाण. गादी, सोफा, पडदे यांच्या आगीवर 90 ची पावडर जास्त परिणामकारक. किमतीतला फरक परवडत असेल तर तीच घ्या. ‘बीसी’ पावडर मात्र घरासाठी घेऊ नका. ती सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेटची असते, निखाऱ्यावर तिचा थर बसत नाही, आणि घरातलं बहुतेक सामान तर ‘ए’ वर्गातच मोडतं.

पावडरीची मर्यादाही ठाऊक असावी. ती ज्वाळा झटकन पाडते, पण वस्तू थंड करत नाही. कापसाच्या गादीत आत शिरलेली धग वरून विझल्यासारखी दिसते आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटते. म्हणून ज्वाळा गेल्यावर मेन स्विच बंद करून गादी पाण्याने आतपर्यंत भिजवायची आणि शक्य असेल तर उघड्यावर नेऊन ठेवायची.

कार्बन डायऑक्साइडच्या एक्स्टिंग्विशरची शिफारस दुकानदार हमखास करतो, कारण तो मागे काही घाण ठेवत नाही. कॉम्प्युटर, सर्व्हर, महागडी साउंड सिस्टीम असलेल्या खोलीसाठी दुसरा म्हणून तो ठीक आहे. घरातला पहिला आणि एकमेव म्हणून नाही. त्याची जाड पोलादी टाकी त्याच क्षमतेच्या पावडरच्या सिलिंडरपेक्षा बरीच जड असते, कापड-लाकडाच्या आगीवर त्याची पकड कमी पडते आणि लहान बंद खोलीत त्या वायूने गुदमरायला होतं. शिवाय वायू सुटताना त्याचा काळा भोंगा इतका गार पडतो की उघड्या हाताने धरल्यास कातडी भाजल्यासारखी होते. ‘क्लीन एजंट’चे, म्हणजे उडून जाणारं रसायन भरलेले, सिलिंडरही मागे काही उरू देत नाहीत, पण ते पावडरीच्या कित्येक पट महाग पडतात.

स्प्रेच्या डब्याएवढे छोटे एक्स्टिंग्विशर आणि आगीत टाकायचे चेंडू हल्ली ऑनलाइन बरेच दिसतात. खऱ्या एक्स्टिंग्विशरच्या जोडीला ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या बदल्यात नको. चेंडू ज्वाळा लागल्यावरच फुटतो आणि तो नेमका कुठे फुटेल हे आपल्या हातात नसतं.

किती किलोचा?

घरातल्या सगळ्यांना वापरता यायला हवा, हा निकष धरा. दोन किलोचा सिलिंडर भरलेल्या अवस्थेत साधारण साडेतीन किलो भरतो, चार किलोचा सहा-सात, सहा किलोचा नऊ-दहाच्या घरात. दुकानात नमुना एका हाताने कमरेपर्यंत उचला आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. आईला सोबत नेलं असेल तर तिलाही उचलायला सांगा. दिवसभर घरात तीच असेल तर निर्णय तिच्या मनगटावर व्हायला हवा.

एकच घ्यायचा असेल आणि सगळ्यांना पेलत असेल तर चार किलोचा घ्या. त्याला रबरी नळी असते, त्यामुळे एका हाताने सिलिंडर आणि दुसऱ्या हाताने नेम सांभाळता येतो. दोन किलोच्या बऱ्याच सिलिंडरना नळी नसते, वर फक्त नोझल असतं, आणि नेम धरायला अख्खा सिलिंडर वळवावा लागतो. घरात ज्येष्ठच असतील तर मात्र दोन किलोचाच बरा. दुमजली घराला प्रत्येक मजल्यावर एक हवा. वर आग लागली असताना खाली धावत जाऊन सिलिंडर आणण्यात सुरुवातीचं मोलाचं मिनिट जातं. एक किलोचा गाडीसाठी असतो. त्यावर घराची भिस्त ठेवू नका.

दुकानात काय तपासायचं

आधी आयएसआयची खूण पाहा. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो. हातात उचलायच्या एक्स्टिंग्विशरसाठी तो आयएस 15683. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो, याच्या बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे का ते दिसतं. लेबलवरची कंपनी आणि अ‍ॅपमधली कंपनी एकच असायला हवी. दुकानात उभं राहूनच हे करा, घरी येऊन नाही.

मग ‘1ए’, ‘21बी’ अशा धाटणीचं रेटिंग वाचा. अक्षराआधीचा आकडा म्हणजे चाचणीत तो सिलिंडर केवढी आग विझवू शकला त्याचं माप. दोन कंपन्यांचे दोन किलोचे सिलिंडर शेजारी ठेवले तर एकाचं रेटिंग दुसऱ्यापेक्षा वरचं निघू शकतं. त्यात एक हजाराचा आणि एक दीड हजाराचा का, याचं उत्तर बहुधा इथेच किंवा पावडरीच्या टक्केवारीत सापडतं.

उत्पादनाची तारीख सहा महिन्यांच्या आतली असावी. पावडरच्या एक्स्टिंग्विशरचं आयुष्य 10 वर्षं आणि कार्बन डायऑक्साइडचं 15 वर्षं धरलं जातं, आणि ते उत्पादनाच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे दोन वर्षं दुकानात पडून राहिलेला सिलिंडर पूर्ण किमतीला घेतला तर दोन वर्षांचे पैसे वाया.

आता अंगावरच्या गोष्टी. ‘स्टोअर्ड प्रेशर’ प्रकारच घ्या. त्यात नायट्रोजन पावडरीसोबतच भरलेला असतो आणि वरच्या घड्याळात दाब दिसतो. आत वायूची छोटी कुपी असलेला जुना ‘कार्ट्रिज’ प्रकार घरी नको, कारण कुपीत वायू आहे की नाही हे तो उघडून वजन केल्याशिवाय कळत नाही. वरचा व्हॉल्व्ह पितळी असलेला बरा. पिनेला प्लॅस्टिकचं सील अखंड असावं. नळी जिथे व्हॉल्व्हला जोडली आहे तिथे हलवून पाहा, ती ढिली असता कामा नये. तळाच्या कडेला रंग उडालेला नसावा. आणि भिंतीवर टांगायचा ब्रॅकेट सोबत मागून घ्या.

सगळ्यांत शेवटी दुकानदाराला विचारा: रिफिल कुठे होतं? यावर समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर कितीही नामांकित ब्रँड असला तरी तो घेण्यात अर्थ नाही. गावात किंवा जवळच्या शहरात जो सिलिंडर भरून मिळतो, तोच घ्यावा.

जागा

बहुतेक जण तो स्वयंपाकघरात शेगडीच्या शेजारी लावतात. पण आग तिथेच लागली तर सिलिंडर घ्यायला ज्वाळांवरून हात घालावा लागेल. योग्य जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, मुख्य दाराकडे जाणाऱ्या वाटेवर. म्हणजे आपण आगीपासून दाराकडे जातो, वाटेत सिलिंडर उचलतो आणि परत वळतो. परत वळलो तेव्हा सुटकेची वाट आपल्या पाठीशी असते, आणि हेच महत्त्वाचं.

मूठ जमिनीपासून साधारण एक मीटरवर यावी. दाराच्या मागे, पडद्याआड, चपलांच्या कपाटात, बंद फर्निचरच्या आत नको. इंटिरिअर डिझायनर लाल सिलिंडर दिसू नये म्हणून तो लॉफ्टवर किंवा शटरच्या आड ढकलतात. त्याला ठाम नकार द्या. ऊन थेट पडतं अशा बाल्कनीत, इन्व्हर्टरच्या अगदी वर, बाथरूमच्या दाराशी ओलाव्यात लावू नका.

भिंत कोणती आहे ते पाहून स्क्रू निवडा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला आठ मिलिमीटरचा नायलॉन प्लग पुरतो. नव्या इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात साधा प्लग काही महिन्यांत ढिला होतो आणि सात किलोचं लोखंड पायावर येतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘एएसी ब्लॉकसाठीचे अँकर’ असं सांगून मागा.

कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. खाऱ्या दमट हवेत गंज पहिल्यांदा धरतो तो तळाच्या कडेला आणि ब्रॅकेटचा पट्टा जिथे घासतो तिथे. सिलिंडर जमिनीवर ठेवू नका. पुसलेल्या फरशीचं पाणी त्या कडेत साचून राहतं.

घरी आणल्या दिवशीचं एक काम

सामान तोलायचा लटकता काटा, म्हणजे विमानप्रवासाची बॅग तोलतो तो, घ्या. पूर्ण सिलिंडर नळीसकट तोला आणि ते वजन व तारीख मार्करने कागदी पट्टीवर लिहून मागच्या बाजूला चिकटवा. त्यावर पारदर्शक टेप लावा.

हे कशासाठी? घड्याळ फक्त दाब दाखवतं, आत पावडर किती आहे ते दाखवत नाही. निम्मी पावडर आणि वर पुरेसा नायट्रोजन भरला तरी काटा हिरव्यातच उभा राहतो. रिफिल करून आणलेल्या सिलिंडरमध्ये पावडर कमी भरली आहे हे घरी ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे वजन. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर घड्याळच नसतं. तो वायू आत द्रवरूपात असतो, त्यामुळे बराचसा उडून गेला तरी द्रव शिल्लक असेपर्यंत दाब बदलत नाही. तिथे वजन हीच एकमेव तपासणी, आणि भरलेला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर सिलिंडर भरायला द्यायचा.

महिन्यातून एकदा, पाच मिनिटं

वीजबिल भरायच्या दिवशी करा, म्हणजे विसरत नाही.

1. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा. एबीसीच्या सिलिंडरमध्ये साधारण 15 बार दाब असतो. मे महिन्यातल्या दुपारी काटा थोडा वर आणि डिसेंबरच्या पहाटे थोडा खाली दिसणं स्वाभाविक आहे, म्हणून शक्यतो एकाच वेळी पाहा. महिन्यागणिक खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. घड्याळाच्या सांध्याला आणि मानेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर सिलिंडर दुरुस्तीला. नंतर पाणी कोरडं पुसून घ्या.

2. पिन जागेवर आहे, सील अखंड आहे. सील तुटलेलं असेल तर कोणीतरी, बहुधा मुलांनी, खेळून पाहिलं असणार. अशा वेळी वजन करा.

3. नोझलमध्ये डोकावा. कुंभारमाशी मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो, आणि पावडर बाहेर यायच्या ऐवजी तिथेच अडते. नळीला भेगा आहेत का ते वाकवून पाहा.

4. तळ आणि ब्रॅकेटखालची जागा सुक्या फडक्याने पुसा. फडक्यावर तपकिरी डाग आला तर गंज सुरू झाला आहे. वरवरचा असेल तर लक्ष ठेवा. पापुद्रे सुटत असतील, पोचा पडला असेल किंवा वेल्डिंगच्या रेषेवर गंज असेल तर तो सिलिंडर पुन्हा भरू नका. 15 बार दाबाखाली ती कमकुवत जागा फाटू शकते.

5. तीन-चार महिन्यांतून एकदा सिलिंडर पिन न काढता उलटा करा, सावकाश. आतली पावडर सरकल्याचं हाताला जाणवायला हवं. हल्लीच्या पावडरीला ओलावा लागू नये म्हणून सिलिकॉनचा लेप असतो, त्यामुळे ती सहसा गोळा होत नाही. पण गाडीत ठेवलेल्या सिलिंडरमध्ये हादऱ्यांनी ती दाबून बसते. उलटं केल्यावर काहीच हललं नाही, किंवा एकदम धप्पकन ढेप पडली, तर आत गोळा झाला आहे, रिफिलला द्या.

‘चालतो का पाहू’ म्हणून क्षणभर लिव्हर दाबून पाहायचा मोह टाळा. ही चूक फार होते आणि तिचा परिणाम लगेच दिसत नाही. पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकतात, तो पूर्ण बंद होत नाही, आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत सगळा नायट्रोजन निघून जातो. एकदा दाबला की तो वापरलाच असं धरायचं आणि भरून आणायचा.

रिफिल: पैसे कशाचे देतो आहोत

वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी, हे पावडरच्या सिलिंडरचं वेळापत्रक. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची दाबचाचणी दर पाच वर्षांनी. वापर झाला, दाब उतरला किंवा पावडर गोळा झाली तर वेळापत्रकाची वाट पाहायची नाही.

नीट केलेलं रिफिल असं असतं: उरलेला दाब सोडतात, व्हॉल्व्ह उघडतात, जुनी पावडर पूर्ण काढतात. टाकी आतून टॉर्च लावून पाहतात. व्हॉल्व्हखालची सायफन नळी, म्हणजे तळापर्यंत जाणारी नळी, साफ करतात. रबरी ओ-रिंग नवी घालतात. टाकी आणि नळी पूर्ण कोरडी करून नवी पावडर काट्यावर तोलून भरतात. व्हॉल्व्ह घट्ट करून कोरडा नायट्रोजन भरतात. शेवटी साबणाच्या पाण्याने गळती तपासून नवं सील आणि तारखेचं लेबल लावतात.

यातली प्रत्येक पायरी चुकवली जाते, आणि वरून ते दिसत नाही. काही जण सिलिंडर पुसून नुसतं नवं लेबल लावतात. काही जुन्याच पावडरीवर दाब वाढवून देतात. नायट्रोजनऐवजी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरली तर तिच्यातल्या ओलाव्याने पावडर काही महिन्यांत दगड होते. सगळ्यांत वाईट म्हणजे एबीसीच्या टाकीत बीसी पावडर मिसळणं: एक आम्लधर्मी, दुसरी अल्कधर्मी, ओलावा मिळाला की दोघींची प्रक्रिया होऊन गोळा बनतो आणि वायू सुटून आतला दाब वाढतो.

म्हणून सिलिंडर देताना चार गोष्टी करा. द्यायच्या आधी तळाच्या खालच्या बाजूला मार्करने छोटी खूण करा, म्हणजे आपलाच परत आला का ते कळेल. पावडर कोणती आणि एमएपी किती टक्के हे बिलावर लिहून मागा. शक्य असेल तर समोर भरून घ्या. दोन किलोच्या सिलिंडरला फार वेळ लागत नाही. घरी आणल्यावर काट्याला लावा आणि पट्टीवरच्या आकड्याशी जुळवा. शंभर-दीडशे ग्रॅमहून जास्त कमी भरला तर परत न्या.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या संस्थांना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय परवाना देतं आणि त्यांची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली ज्या सोसायट्यांना अग्निसुरक्षा व्यवस्था ठेवणं बंधनकारक आहे, त्यांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे ही व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. त्या संस्थेची माणसं जिन्यातले सिलिंडर तपासायला येतात, तेव्हाच आपल्या घरातला दाखवून घ्या. दहा-बारा घरांनी मिळून दिलं तर ते खाली पार्किंगमध्येच तोलून दाखवायला तयार होतात.

आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: रिफिलला द्यायची वेळ आली की भरलेला सिलिंडर तसाच देऊ नका. आतली पावडर जाणारच आहे. मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून घरातल्या प्रत्येकाला दोन-दोन सेकंद वापरू द्या. पिन किती जोरात ओढावी लागते, आवाज किती मोठा होतो, पावडरीचा ढग केवढा उठतो हे एकदा अनुभवलेला माणूस प्रत्यक्षात गडबडत नाही. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 1944 साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात जीव गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. वर्षाची तपासणी आणि हा सराव त्या आठवड्यात ठेवता येईल.

वापरताना

पहिल्यांदा ओरडून सगळ्यांना सावध करा आणि एकाला फोन करायला सांगा. मग दार पाठीशी येईल असे उभे राहा, आगीपासून दोन ते अडीच मीटरवर. त्याहून जवळ गेलात तर पावडरीचा झोत जळते कागद किंवा तेल उडवून आग पसरवतो.

सिलिंडर जमिनीवर टेकवा किंवा मानेला खालून धरा, आणि पिन आधी पिरगाळून मग ओढा. पिरगाळल्याने सील तुटतं. इथे घाबरलेला माणूस दोन्ही लिव्हर घट्ट आवळून पिन ओढतो. आवळल्यामुळे पिन चिमटीत सापडते आणि काही केल्या निघत नाही, आणि यंत्रच बिघडलेलं आहे असं वाटतं. पिन निघेपर्यंत वरच्या लिव्हरला हात लावायचा नाही.

नेम ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडावर धरा. लिव्हर पूर्ण दाबा आणि झाडू मारल्यासारखी नळी डावीकडून उजवीकडे फिरवत एकेक पाऊल पुढे जा. सिलिंडर उभाच ठेवा. आडवा केला तर सायफन नळीचं टोक पावडरीबाहेर येतं आणि नुसता वायू सुटतो. विझल्यावरही पाठ न फिरवता मागे सरका आणि नजर तिथेच ठेवा. सिलिंडर संपला आणि आग उरली, तर बाहेर पडून दार लावून घ्या. दुसरा शोधायला घरात फिरू नका.

तीन आगी ज्यांना वेगळं वागवायचं

कढईतलं तेल पेटलं तर पहिला हात गॅसच्या बटणाकडे. दुसरा मोठ्या स्टीलच्या झाकणाकडे किंवा परातीकडे. कढईपेक्षा मोठी परात समोरच्या बाजूने सरकवत पूर्ण झाका आणि अर्धा-पाऊण तास उचलू नका. लवकर उघडलं तर गरम तेल हवा मिळताच पुन्हा भडकतं. पाणी अजिबात नको: पाणी तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, वाफेची जागा पाण्याच्या सुमारे सतराशे पट असते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. पाणी निथळणारा टॉवेलही याच कारणाने नको. कढई उचलून बाहेर नेऊ नका. एबीसी पावडर ज्वाळा पाडते, पण तेल थंड करत नाही आणि जवळून मारल्यास तेल उडवते. झाकण घालणं शक्यच नसेल तेव्हा दुरून वापरायचा तो उपाय. तळणीचा घरगुती व्यवसाय असेल, रोज मोठ्या कढया चढत असतील, तर ‘एफ’ किंवा ‘के’ वर्गाचा द्रवरूप रसायनाचा एक्स्टिंग्विशर वेगळा घ्यायलाच हवा. तो तेलावर साबणासारखा फेस धरून तेल थंडही करतो.

गॅस गळून पेटला असेल तर आधी रेग्युलेटर बंद करायचा. गॅस तुटला की ज्वाळा आपोआप जाते. रेग्युलेटरपर्यंत हात पोचत नसेल तर ज्वाळा पावडरने पाडून लगेच बंद करता येणार असेल तरच पाडा. नुसती ज्वाळा विझवून गळती चालू ठेवली तर सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. अशा वेळी जळता ठेवून घर रिकामं करणं कमी धोक्याचं. न पेटता नुसता वास येत असेल तर कोणताही स्विच चालू किंवा बंद करू नका, खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच 1906 ला कळवा. हा सिलिंडरच्या गॅसगळतीसाठीचा क्रमांक आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरची किंवा मोठ्या पॉवर बँकेची लिथियम बॅटरी पेटली तर एबीसी पावडर बाहेरची ज्वाळा पाडेल, आतली उष्णतेची साखळी थांबवणार नाही. ती पुन्हा पेटते आणि तिचा धूर विषारी असतो. सामान वाचवायच्या फंदात न पडता बाहेर पडा. यासाठीच अशी बॅटरी मुख्य दाराशी किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नये.

आग विझल्यानंतर

खिडक्या उघडा आणि नाकाला मास्क लावा. पावडर विषारी नसली तरी घसा आणि डोळे चुरचुरतात, दमा असलेल्यांना जास्त. उघड्यावर असलेलं अन्न फेकून द्या. पावडर ओली करायच्या आधी सुक्या ब्रशने गोळा करा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर शक्यतो वापरू नका. बारीक कण त्याच्या फिल्टरमधून मोटरपर्यंत जातात. एबीसीची पावडर आम्लधर्मी असल्याने ओलाव्यात धातू खाते, म्हणून शेगडी, मिक्सर, नळ यांवर उरलेला थर खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने त्याच दिवशी पुसून घ्या. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर साफ करून तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका.

दहा वर्षं झालेला किंवा चाचणीत नापास झालेला सिलिंडर भंगारवाल्याला भरलेला देऊ नका. तो कापताना दाब एकदम सुटतो आणि समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. रिफिल करणाऱ्याकडून दाब सोडवून, व्हॉल्व्ह काढून, टाकीला भोक पाडून घ्या, आणि मगच ते लोखंड भंगारात जाऊ द्या.